हायडेलबर्गचा जुना पूल: आठ गेले, नववा उभा राहिला

अमळनेरच्या एका शिक्षिका ताईंनी विचारलं आहे. त्यांची मुलगी यंदा जर्मनीत हायडेलबर्ग विद्यापीठात शिकायला गेली. तिने तिथल्या लाल दगडी पुलाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आई, हा १७८८चा आहे." ताईंचा प्रश्न असा, की आपल्या गावाजवळच्या फरशीला, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलाला, दर दोन पावसाळ्यांनी भगदाड पडतं आणि तो पूल सव्वादोनशे वर्षांहून जास्त उभा कसा? त्यांच्या दगडात असं काय आहे, जे आपल्या दगडात नाही?

मी चौतीस वर्षं पुलांवर काम केलं, बहुतेक सगळं धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांत. मुलगा जर्मनीत होता तेव्हा हायडेलबर्गला दोन दिवस राहिलो. त्यातला एक अख्खा दिवस पुलाखालीच गेला. घरच्यांनी किल्ला पाहिला, मी खांब पाहिले. म्हणून या प्रश्नाला थोडक्यात उत्तर देणं मला जमणार नाही.

दगडापासून सुरुवात करतो. त्यांच्या दगडात विशेष काही नाही. तो नेकार नदीच्या खोऱ्यातला लाल वालुकाश्म, छिन्नीला सहज वळणारा. आपला काळा पाषाण त्याच्यापेक्षा जड आणि कितीतरी कठीण. वालुकाश्म घनमीटरला साधारण सव्वादोन टन भरतो, आपला बेसॉल्ट पावणेतीनच्या वर. पाथरवटाला विचारा, काळ्या दगडावर किती छिन्न्या बोथट होतात ते. तेव्हा दगडाच्या बाबतीत खानदेश हायडेलबर्गच्या मागे नाही, पुढे आहे.

खरं उत्तर त्या तारखेत दडलं आहे. मुलीने लिहिलेलं १७८८ हे साल बरोबर आहे, पण तो त्या जागेवरचा नववा पूल. त्याच्या आधी आठ पूल तिथे झाले आणि आठही गेले. आपण नववा पाहतो आणि म्हणतो, काय टिकलाय! आधीचे आठ कसे गेले हे पाहिल्याशिवाय नववा का टिकला ते कळत नाही.

आता जरा मागे जाऊ. नेकार नदी ब्लॅक फॉरेस्टच्या बाजूने येते, डोंगरांच्या चिंचोळ्या खोऱ्यातून वाहते आणि हायडेलबर्गला डोंगर सोडून ऱ्हाईनच्या सपाट खोऱ्यात उतरते. साक्रीकडचे डोंगर सोडून पांझरा धुळ्याच्या मैदानात येते, तसं काहीसं. अशा तोंडावर नदीचा जोर आणि तऱ्हा दोन्ही बदलतात. तिथे पहिला पक्का पूल रोमन लोकांनी इसवी सन २००च्या सुमारास बांधला, आजच्या जागेपासून जरा खालच्या अंगाला. १८७६ साली त्या पुलाजवळ नेपच्यून या जलदेवतेची वेदी सापडली. तिच्यावर ती अर्पण करणाऱ्या स्थापत्यकाराचं नाव कोरलेलं आहे: वालेरियस पॅटर्नस. आपण तापीची ओटी भरतो, त्याने वेदी उभारली. पाण्यात पाया घालणाऱ्या माणसाला नदीची भीती असतेच आणि ती असायलाच हवी.

रोमन गेले, पूल गेला, आणि पुढची जवळजवळ हजार वर्षं तिथे नावेशिवाय सोय नव्हती. मग १२८४ साली पुन्हा पुलाचा उल्लेख सापडतो. चारच वर्षांत, १२८८ला, तो गेला. पुढचा १३०८ला गेला. त्यानंतरचेही असेच गेले, १५६५ला आणखी एक. १६८९ला फ्रेंच सैन्याबरोबरच्या युद्धात पूल मोडला, तो उभा राहायला १७०८ उजाडलं. या सगळ्या काळात विद्यापीठ मात्र चालू होतं. ते १३८६चं, आजच्या जर्मनीतलं सर्वांत जुनं. म्हणजे पूल विद्यापीठाहून शंभर वर्षांनी मोठा, पण विद्यापीठ एकच आणि पूल नऊ.

हे बहुतेक पूल पुराच्या नुसत्या पाण्याने गेलेले नाहीत. ते बर्फाने नेले. आपल्याकडच्या माणसाला हे चटकन डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून नीट सांगतो. कडक हिवाळ्यात नदी वरून गोठते. मग एखाद्या आठवड्यात एकदम ऊन पडतं, पाऊस येतो, डोंगरावरचा बर्फ वितळतो आणि पाणी चढतं. त्या चढत्या पाण्याने नदीवरचा बर्फाचा थर फुटतो. खळ्याएवढे तुकडे वाहत निघतात, एकमेकांवर चढतात, अरुंद जागी अडकून धरण बांधतात आणि मग ते धरण फुटतं. बर्फाचा बराचसा भाग पाण्याखाली असतो, दहातला नऊ हिस्से. वरून दिसतो तो फक्त एक. तेव्हा पुलाच्या खांबाला जो धक्का बसतो तो काठावरून पाहणाऱ्याच्या अंदाजात येत नाही.

आपल्याकडे बर्फ नाही, पण त्याचा भाऊ आहे. मृगाच्या पहिल्या पुरात मुळासकट उपटलेल्या बाभळी, कपाशीच्या पऱ्हाट्या, कुंपणाची काटेरी झुडपं, कधी अख्खं खोपटं वाहत येतं आणि खांबाला मिठी मारून बसतं. एक झाड आडवं अडकलं की त्याच्यावर दुसरं. तासाभरात दोन खांबांमधली वाट बुजते. बर्फ जे करतो तेच हे करतं, थोडं सावकाश.

तर बर्फाने नेलेले ते पूल पडायचं मुख्य कारण त्यांच्या अंगातच होतं. त्यांचे पाय दगडाचे होते, पण वरचा भाग लाकडी. जुन्या चित्रांत तो पूल छपरासकट दिसतो, लांबलचक लाकडी बोळ नदीवर टाकावा तसा. लाकूड सागाचं असो की ओकचं, पाण्यापेक्षा हलकंच. पाणी तुळयांपर्यंत आलं की लाकडी पूल खांबांवर बसेनासा होतो, उचलला जाऊ लागतो. त्यात बाजूने बर्फाचा रेटा आला की गेलाच. मागे उरतात नुसते दगडी खांब, आणि डोक्यावर वजन नसलेला खांब बाजूच्या धक्क्याला फार कमकुवत असतो. हे घरी करून पाहा. पाटावर चार विटा एकावर एक ठेवा आणि बाजूने बोटाने ढकला. मग वर पाच किलोचं वजन ठेवून ढकला. हाताला फरक कळेल.

शेवटचा लाकडी पूल गेला तो २७ फेब्रुवारी १७८४ला. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, जून १७८३मध्ये, आइसलँडमध्ये लाकीच्या भेगेतून ज्वालामुखीचा उद्रेक सुरू झाला होता आणि तो आठ महिने चालला. त्यानंतरचा हिवाळा युरोपात भयंकर कडक गेला. फेब्रुवारीच्या शेवटी एकदम बर्फ वितळला, मध्य युरोपातल्या नद्या फुगल्या आणि हायडेलबर्गचा पूल वाहून गेला. पुलाजवळ वेगवेगळ्या वर्षांच्या पुरांच्या खुणा दगडात कोरलेल्या आहेत. त्यांत १७८४ची रेषा सगळ्यांच्या वर आहे. मी तिच्याखाली उभा राहिलो आणि मान वर करून पाहिलं. पुलाच्या माणसाला ती रेषा किल्ल्याहून मोठी वाटते.

त्या वेळी तिथला सत्ताधीश होता कार्ल थिओडोर. १७७७ला बव्हेरियाही त्याच्याकडे आल्यावर त्याने दरबार म्युनिकला हलवला होता. या खेपेला पूर्ण दगडी पूल बांधायचं ठरलं. माथियास मायर या बांधकाम अधिकाऱ्याकडे काम आलं आणि १७८६ ते १७८८ या तीन वर्षांत तो उभा राहिला. लांबी सुमारे २०० मीटर, रुंदी ७ मीटर. शहराच्या बाजूला दोन बुरुजांचा दरवाजा आहे, तो त्याहून जुना, मध्ययुगीन तटबंदीतला. त्यांच्या डोक्यावरच्या टोप्या तेवढ्या नव्या पुलाबरोबर चढवल्या. पुलावर कार्ल थिओडोरचा पुतळा आहे, त्याच्या पायाशी नद्यांच्या मूर्ती बसवल्या आहेत. दुसरा पुतळा विद्येची देवता मिनर्व्हाचा. आज पुलावर दिसतात त्या प्रती, मूळ पुतळे संग्रहालयात आहेत.

(हा पूल बांधला जात होता तेव्हा इकडे महेश्वरला अहिल्याबाई होळकरांचा कारभार होता. नर्मदेवरचे त्यांचे दगडी घाट आजही पुरात बुडतात आणि पाणी उतरलं की तसेच वर येतात. दोन्हीकडचे कारागीर एकाच पिढीचे. ज्यांना वाटतं की हे ज्ञान फक्त तिकडे होतं, त्यांनी एकदा महेश्वरला जाऊन यावं.)

दगडी कमानीने काय बदललं? दोन गोष्टी. पहिली म्हणजे वजन. कमानीवरचा भराव, फरसबंदी, कठडा हे सगळं मिळून खांबांच्या डोक्यावर प्रचंड ओझं बसतं. आपल्याला वाटतं ओझं म्हणजे पुलाचा शत्रू. वाहत्या पाण्यात ते उलट आहे. पाण्यात बुडलेला दगड घनमीटरला एक टन हलका होतो, तरी वालुकाश्माचा सव्वा टन शिल्लक राहतोच. लाकडाचं काही शिल्लक राहत नाही, ते तरंगतं. म्हणून दगडी पूल बुडाला तरी जागेवर बसून राहतो आणि खांबांनाही बसवून ठेवतो.

दुसरी गोष्ट कमानीची. दगड दाबाला पक्का, ताणाला कच्चा. कमानीत प्रत्येक दगड शेजाऱ्याला रेटत असतो, ताण येतच नाही. बांधताना खाली लाकडी सेंटरिंग असतं, दोन्ही बाजूंनी दगड चढवत नेतात, माथ्याचा शेवटचा दगड बसला की सेंटरिंग काढतात आणि कमान स्वतःच्या वजनाने घट्ट होते. चुना इथे डिंकाचं काम करत नाही. तो गादीचं काम करतो, दगडाचा दाब सगळीकडे सारखा पसरवतो. आपल्याकडे घाणीत बैल फिरवून चुना आणि वाळू मळायचे ते त्यासाठीच. ती गादी थोडी मऊ असते, म्हणून कमान थोडी हलली तरी तडकत नाही. जुन्या दगडी पुलाच्या दर्जांमध्ये, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, सिमेंट भरू नका असं मी आयुष्यभर सांगत आलो. सिमेंट कडक, चुना मऊ. कडक दर्ज दाब स्वतःकडे ओढून घेते आणि दगडाच्या कडा फुटायला लागतात. शिवाय पाणी आत अडकतं ते वेगळंच. हे दरवेळी ऐकलं गेलं नाही. चुना मळणारी माणसंच उरली नाहीत, हेही तितकंच खरं.

कमानीला एक मोठी खोडही आहे. ती शेजारणीच्या भरवशावर उभी असते. डावीकडची कमान खांबाला उजवीकडे रेटते, उजवीकडची डावीकडे, म्हणून खांब सरळ राहतो. एक खांब गेला की त्याच्या दोन्ही कमानी जातात, आणि मग पुढच्या खांबावर एकाच बाजूचा रेटा उरतो. २९ मार्च १९४५ला हेच हायडेलबर्गला वापरलं गेलं. अमेरिकन फौजा नदीच्या पलीकडे येऊन ठेपल्या होत्या. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच सुरुंग लावून आपला पूल उडवला. सगळा नाही, काही कमानी. तेवढं पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी शहर तरीही अमेरिकनांच्या ताब्यात गेलं. १७८४नंतरच्या प्रत्येक पुराला पुरून उरलेला पूल एका दिवसाच्या उशिरासाठी मोडला, हे वाचताना मला अजूनही वाईट वाटतं.

लोकांनी तो पुन्हा बांधला. युद्धाने कंगाल झालेल्या देशात, नागरिकांच्या वर्गणीचा हात लागून, होता तसाच, दगडात. २६ जुलै १९४७ला तो पुन्हा खुला झाला. आपल्या स्वातंत्र्याच्या तीन आठवडे आधी. म्हणून ताई, मुलीला सांगा की तिच्या फोटोतला पूल १७८८चा आहे हे खरं, पण त्याच्या काही कमानी आपल्या स्वातंत्र्याच्या वयाच्या आहेत.

आता मी जिथे सर्वांत जास्त थांबणार आहे ती गोष्ट: पाया.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे जुन्या रस्त्यावरची एक तीन कमानींची दगडी मोरी होती, नाव सांगत नाही. पावसाळ्याआधी तपासणी केली. कठडे सरळ, कमानींना तडा नाही, दर्जा बऱ्या. मी वहीत लिहिलं, 'स्थिती चांगली'. सोबत एक म्हातारे गवंडी होते, साक्रीकडचे. ते खाली पात्रात उतरले आणि एक लांब बांबू घेऊन मधल्या खांबाच्या बुडाशी खुपसत राहिले. वरच्या अंगाच्या कोपऱ्यात बांबू सहा फूट आत गेला. खांबाच्या नाकाखाली, म्हणजे पाण्याकडे पुढे आलेल्या टोकाखाली, पोकळी होती, वर दगड, खाली नुसतं पाणी. ते मला म्हणाले, "साहेब, पानी वरतून नही, खालतून मारस." मी वहीतली ओळ खोडली. त्या पोकळीत मोठे दगड आणि काँक्रीट भरलं, खांबाभोवती जाळीत बांधलेल्या दगडांचं पिचिंग, म्हणजे माती-वाळू धरून ठेवणारा दगडांचा थर, केलं. ती मोरी आजही वाहतुकीखाली आहे. तो बांबू खुपसला नसता तर त्या पावसाळ्यात ती उभी राहिली असती असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

हे खाली उकरणं म्हणजे आमच्या भाषेत स्कावर. वाहतं पाणी खांबावर आदळतं, खाली वळतं आणि खांबाच्या बुडाशी भोवरा करून वाळू उपसतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते किती मोठा धोंडा लोटू शकतं? दुप्पट नाही, चौपट नाही. जुना नियम असा की वजनाने चौसष्टपट. म्हणून पुराच्या त्या चार तासांत जे होतं ते बाकीच्या वर्षभरात होत नाही. आणि पूर उतरताना वाळू पुन्हा त्या खड्ड्यात येऊन बसते. सकाळी गेलात तर सगळं सपाट. मोकळी, पोकळ वाळू, पण दिसायला सपाट. पाया ठरवताना आपण लेसीच्या सूत्राने, म्हणजे त्यासाठीच्या एका ठरलेल्या हिशेबाने, उकरण्याची खोली काढतो आणि खांबाजवळ तिची दुप्पट धरतो, तीरावरच्या अबटमेंटजवळ, म्हणजे टोकाच्या आधारभिंतीजवळ, सव्वापट. शिवाय त्याखालीही पाया जमिनीत रुतलेला हवा. हा हिशेब २०व्या शतकातला. जुन्या माणसांकडे सूत्र नव्हतं, आठ पडलेले पूल होते.

दगडी कमानीच्या पुलाची यात आणखी एक अडचण आहे, जी फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. गर्डरच्या, म्हणजे सरळ तुळयांच्या, पुलाखालची वाट चौकोनी असते, पाणी चढलं तरी रुंदी तेवढीच. कमानीखालची वाट मात्र पाणी चढेल तशी अरुंद होत जाते. ऐन गरजेच्या वेळी दार मिटत जातं. त्यात जुने खांब जाड, नदीची बरीच जागा त्यांनीच खाल्लेली. मग पाणी तुंबतं, वेग वाढतो, उकरणं वाढतं. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८चा दगडी पूल पुरात गेला, त्याच्याबरोबर दोन एसटी बस आणि त्यांतली माणसं गेली. त्या बातमीनंतर मी कितीतरी रात्री झोपलो नाही. आदल्या दिवसापर्यंत त्या पुलावरून जाणाऱ्या कुणालाही खाली काय चाललं आहे ते कळणं शक्य नव्हतं. दगडी पूल मरताना आधी कुरकुरत नाही. लोखंड वाकतं, काँक्रीटला तडे जातात. दगडी कमान वरून शाबूत दिसते, आणि पाय सुटला की एकदम जाते.

आता खानदेशात हा पाया कसा मिळतो ते पाहा. धुळ्याकडे पांझरेच्या पात्रात ठिकठिकाणी खडक वर येतो, पाया तिथे टेकवता येतो. भुसावळ, यावल, रावेर, चोपड्याच्या तापीकाठी तसं नाही. तिथे गाळाचा थर इतका खोल आहे की पुलाच्या पायाला खडक मिळायची आशाच करू नये. केळीला सोन्यासारखी जमीन, पुलाला मात्र तळ नसलेली. अशा ठिकाणी विहिरी गाळतात. खरोखरची विहीर: कडं ठेवायचं, वर बांधत जायचं, आतली वाळू उपसायची, ती आपल्या वजनाने खाली बसत जाते. ही पद्धत आपल्या देशात फार जुनी आहे आणि तापीवरच्या पुलांसाठी तिच्याहून खात्रीची मी दुसरी पाहिली नाही.

आणि टिकलेल्या दगडी कामाचं उदाहरण हवं तर हायडेलबर्गला जायची गरज नाही, साक्री तालुक्यात जा. पांझरेवर फडाचे, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून चालवलेल्या पाटपाण्याच्या पद्धतीचे, जुने बंधारे ओळीने आहेत, दगड आणि चुन्याचे, काही तीनशे वर्षांपूर्वीचे मानले जातात. ते दरवर्षी पुरात पूर्ण बुडतात. ते टिकले कारण फडाच्या शेतकऱ्यांनी त्यांची व्यवस्था लावून ठेवली होती. पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या ही माणसं नेमलेली, पावसाळ्यानंतर पाटातला गाळ काढणं आणि बंधाऱ्याचे निसटलेले दगड बसवणं हे ठरलेलं काम. एक दगड निघाला तर त्याच वर्षी बसायचा. पुढच्या वर्षावर गेला तर दहा निघतात.

पांझरेनेच एका थोर इंजिनिअरलाही पहिला धडा दिला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले आणि अगदी सुरुवातीचं काम म्हणून खानदेशात आले. पांझरेच्या पात्राखालून पाटाचं पाणी नळाने पलीकडे न्यायचं होतं. पावसाळा तोंडावर, खोदलेला पाया वाळूने पुन्हा भरून जायचा. काम पावसाळ्यानंतर करू, असं त्यांनी वरिष्ठांना कळवलं. ते रुचलं नाही. शेवटी त्यांनी तशाच परिस्थितीत ते पुरं केलं. तेव्हा ते जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचे होते. पांझरेच्या वाळूत पाया खोदणाऱ्या प्रत्येक तरुण इंजिनिअरला ही गोष्ट मी सांगत असे.

ताईंच्या फरशीबद्दलही न्यायाने बोललं पाहिजे. फरशी आणि हायडेलबर्गचा पूल ही तुलनाच बरोबर नाही. फरशी पूल मुळात बुडण्यासाठीच बांधतात. वर्षातले काही तास पाणी वरून जाईल, रस्ता बंद राहील, बाकी वर्ष कमी खर्चात चालेल, असा तो हिशेब असतो. तिला भगदाड पडतं ते बहुतेक वेळा मधल्या काँक्रीटला नाही. ते पडतं दोन्ही टोकांना, जिथे पक्कं काम संपून मातीचा भराव सुरू होतो. वरून गेलेलं पाणी खालच्या अंगाला उडी मारतं, तिथली माती उकरतं, आणि भराव मागे मागे ढासळत येतो. दुरुस्तीला आलेले लोक खड्डा भरून वर डांबर टाकतात. खालच्या अंगाचं पिचिंग आणि जमिनीत खोल उतरवलेली आडवी भिंत, जिला आम्ही कट-ऑफ म्हणतो, ती नीट केली तर ती फरशी पंधरा-वीस वर्षं त्रास देणार नाही. हे काम महागडं नाही. दिसत नाही, एवढीच त्याची अडचण. गावाने मागणी करताना 'फरशीवर डांबर टाका' असं न लिहिता 'खालच्या बाजूची कट-ऑफ भिंत आणि पिचिंग करा' असं लिहावं. अर्जातले शब्द नेमके असले की अंदाजपत्रकही नेमकं होतं.

हायडेलबर्गला आणखी दोन गोष्टी पुलाच्या मदतीला आल्या, त्या सांगायच्या राहिल्या. १८७७ साली खालच्या अंगाला दुसरा पूल झाला आणि जड वाहतूक हळूहळू तिकडे गेली. आज जुन्या पुलावरून मुख्यतः पायी चालणारे आणि सायकलवाले जातात. आणि १९२०च्या दशकापासून नेकारवर जहाजांसाठी बंधारे व लॉक (जहाज वरखाली करणारे दरवाजांचे हौद) बांधले गेले, पुलाच्या जरा वरच्या अंगालाच त्यांतला एक आहे. नदी आता टप्प्याटप्प्याने अडवलेली आहे, पूर्वीसारखा बर्फाचा लोंढा मोकळा सुटत नाही. म्हणजे नवव्या पुलाच्या वाट्याला पूर्वीच्या आठांपेक्षा सोपी नदी आली, निदान गेली शंभर वर्षं. त्याचं श्रेय फक्त १७८८च्या कारागिरांना देणं बरोबर होणार नाही. आपल्याकडे जुने दगडी पूल मरतात ते याच्या उलट वागल्यामुळे. शेजारी नवा पूल होतो, तरी जुन्यावरून वाळूचे डंपर चालूच राहतात, आणि नदीतली वाळू उपसून पात्र खाली नेलं जातं. खांबाच्या पायाशी आधार म्हणून असलेली वाळूच ट्रकमध्ये भरून त्याच पुलावरून जाते.

एक वेगळी गोष्ट, मुलीला आवडेल म्हणून. हायडेलबर्ग विद्यापीठात १९६२ पासून दक्षिण आशिया संस्था आहे. तिथे गुंथर सोंथायमर नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी मराठी आत्मसात केली, जेजुरीचा खंडोबा आणि धनगरांच्या ओव्या यांच्यावर आयुष्य घातलं. १९९२ला ते गेले. नेकारच्या काठच्या त्या गावात धनगरांच्या ओव्यांचा अभ्यास झाला आहे. आणि पुलाच्या पलीकडच्या डोंगरावर चढणारी वाट थेट तत्त्वज्ञांच्या पायवाटेला जाऊन मिळते, तिचं नावच तसं आहे. तत्त्वज्ञान मंदिराच्या अमळनेरहून गेलेल्या मुलीने तिथून एकदा जरूर फिरून यावं.

ताई, मुलीला माझ्या वतीने तीन कामं सांगा. पहिलं, पुलावरून फोटो न काढता खाली काठावर उतरून काढावा, वरच्या अंगाने, म्हणजे पाणी ज्या बाजूने येतं तिकडून. खांबांची पुढे आलेली नाकं तिथून दिसतील. दुसरं, सकाळच्या तिरप्या उन्हात कमानींचे दगड नीट पाहावेत आणि १९४७चं काम कुठून सुरू होतं ते स्वतः ओळखायचा प्रयत्न करावा, आधी कुणाला न विचारता. दगडाचा रंग, कडांची झीज, दर्जांची जाडी पाहत गेलं की नजर तयार होते. तिसरं, पुराच्या खुणांसमोर एखाद्या मैत्रिणीला उभं करून फोटो काढावा, म्हणजे १७८४ची रेषा माणसाच्या डोक्यावर किती उंच आहे ते मोजता येईल. तो फोटो आला की मलाही पाठवा. मी गेलो होतो तेव्हा तिथे मापाला धरायला सोबत कुणी नव्हतं.